लिफ्ट केलेल्या जिप्सीला परवडेल असा मागचा शाफ्ट कुठला घ्यावा?

गिरणाकाठ
राम राम मंडळी. गाडी जिप्सी किंग. घेतली तेव्हाच उचललेली होती. आधीच्या मालकाने पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर बसवलेत, शिवाय मागे लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला टांगणाऱ्या पट्ट्या) आहेत. टायर २३५/७५ आर १५. गाव चाळीसगावजवळ, शेतात कपाशी आणि थोडा मका. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शिवाररस्त्याला ट्रॅक्टर किंवा ही गाडी, तिसरं काही चालत नाही. अधूनमधून तोरणमाळ, पाल, सातपुड्याच्या बाजूला फेरी असते आणि कामासाठी धुळे-जळगाव.

त्रास असा: पन्नासच्या पुढे गेलं की सीटखाली थरथर सुरू होते, साठला आरसा हलतो. मागच्या शाफ्टचा, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या ॲक्सलला नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (टोकाचा जोड) टिकत नाही. नवा टाकला की काही महिन्यांत पुन्हा चट-चट. आता स्प्लाईनमध्येही (शाफ्ट आत-बाहेर सरकतो ते दात) खेळ आलाय, म्हणजे शाफ्ट बदलावाच लागणार.

एका गॅरेजने स्पेशल शाफ्ट बनवून देतो म्हणून अठरा हजार सांगितले. दुसरा म्हणतो भंगारातून बोलेरोचा आण, कापून बसवतो. पैसे मोजायला ना नाही, पण कपाशीचे पैसे अजून हातात यायचेत. स्वस्तात आणि टिकेल असं काय करावं? जाणकारांनी सांगावं.

रावेरी_केळी
धागा वाचतोय. माझ्या गाडीची रड हीच आहे.

खान्देशी_खापर
बोलेरोचा शाफ्ट बेस्ट. जाड नळी, मोठा क्रॉस, जन्मभर बघायला नको. आमच्या भागात सगळे तेच करतात. फ्लँजला, म्हणजे टोकाच्या बोल्टच्या चकतीला, नवीन भोकं पाडून घ्यायची, झालं.

लेथवाला_धुळे
'झालं' एवढं सोपं नाही हो. भोकं पाडायला हरकत नाही, पण फ्लँजच्या मधोमध जी गोल कडा असते तिच्यावर शाफ्ट सेंटरला बसतो, बोल्टवर नाही. दुसऱ्या गाडीचा फ्लँज त्या कडेत बसला नाही तर शाफ्ट केसभर बाजूला फिरतो, मग कितीही बॅलन्स करा, थरथर जात नाही. माझ्याकडे असे शाफ्ट येतात. वेल्डिंग सुंदर असतं आणि सेंटर हरवलेलं असतं.

गिरणाकाठ भाऊ, शाफ्ट विकत घ्यायच्या आधी एक सांगा. क्रॉस कुठला जातो? गिअरबॉक्सच्या बाजूचा, म्हणजे ट्रान्सफर केसजवळचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटून देणारा डबा), की मागे डिफजवळचा (मागच्या ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा)?

गिरणाकाठ
ट्रान्सफरजवळचा. नेहमी तोच. मागचा अजून घट्ट आहे, हाताने फिरवला तर मऊ फिरतो.

लेथवाला_धुळे
मग शाफ्टच्या दुकानात जाऊ नका. आधी माप घ्या. दोन्ही क्रॉस एकाच शाफ्टवर, एकच ओझं, एकच चिखल, आणि मरतो एकच. म्हणजे दोन्हीकडचे कोन सारखे नाहीत. नवा शाफ्ट अठरा हजारांचा टाका की तीन हजारांचा, तो क्रॉस परत मरेल.

बापू_पारोळा
भाऊ, शाफ्टना दोष नही, कोनना दोष शे. आते पयले माप ल्या, मंग पैसा काढा.

अमळनेरकरीण
बापूंना +१. मी मेकॅनिकल शिकले आहे आणि वडिलांची जिप्सी घरात लहानपणापासून आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. कंटाळा आला तर पुढे जा.

साधा क्रॉस असलेला जोड सरळ रेषेत असला तर दोन्ही बाजू एकाच वेगाने फिरतात. कोन आला की तसं राहत नाही. आत येणारा शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी बाहेर जाणारा एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे राहतो. १० अंशाला हा फरक दीड टक्क्याच्या आसपास असतो. २० अंशाला सहा टक्क्यांच्या वर जातो. ३० अंशाला वेग पंधरा टक्क्यांनी वाढतो आणि तेरा टक्क्यांनी कमी होतो. कोन दुप्पट केला की हिसका चौपट होतो.

यावर उपाय म्हणून तर शाफ्टला दोन क्रॉस असतात. पहिल्याने दिलेला हिसका दुसरा परत घेतो. पण त्यासाठी दोन अटी आहेत. दोन्हीकडचा कोन सारखा पाहिजे, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दोन कानांचे भाग) एका पातळीत पाहिजेत. दोन बैलांची पावलं जुळली तरच गाडा सरळ चालतो, तसं. स्प्लाईन उघडून परत घालताना एक दात जरी चुकला तरी हे जुळणं बिघडतं. म्हणून उघडायच्या आधी दोन्ही भागांवर पंचने खूण करायची असते. रंगाची खूण रॉकेलने पुसली जाते.

खान्देशी_खापर
ताई, हे सगळं पुस्तकात ठीक. लिफ्ट केलेल्या गाडीला पिनियनचं (डिफमधून शाफ्टकडे येणाऱ्या दांड्याचं) नाक वर करून शाफ्टकडे वळवायचं असतं. पाट्याखाली वेज (पाचर) टाकली की काम होतं. मी व्हिडिओत पाहिलंय.

अमळनेरकरीण
ते व्हिडिओ खरे आहेत, फक्त ते दुसऱ्या शाफ्टचे आहेत. ट्रान्सफरच्या टोकाला दोन क्रॉस शेजारी-शेजारी असलेला जोड असेल (डबल कार्डन म्हणतात), तर तो आपला हिसका आपल्यातच जिरवतो. मग मागच्या टोकाला कोन जवळजवळ शून्य ठेवायचा, म्हणजे पिनियन शाफ्टकडे बघतं ठेवायचं. दोन्ही टोकांना एकेकच क्रॉस असेल तर नियम उलटा. पिनियनची रेषा आणि ट्रान्सफरच्या आउटपुटची रेषा समांतर पाहिजेत. नाक वर केलं की मागचा कोन कमी होतो, पुढचा तसाच राहतो, आणि पुढचा हिसका परत घ्यायला कोणी उरत नाही.

गिरणाकाठ यांच्या गाडीत पुढचाच क्रॉस मरतोय. माझा अंदाज, नाक आधीच वर आहे.

शेवभाजी_प्रेमी
म्हणजे जो बिचारा काम करतो तोच मरतो. आमच्या ऑफिसातही तसंच आहे :)

तोरणमाळचा_पाहुणा
डबल कार्डनचा विषय निघाला म्हणून सांगतो. मी बाहेरून मागवलेला वापरला आहे. कोन मोठा असेल तर त्याच्यासारखं सुख नाही, हायवेला गाडी लोण्यासारखी. पण त्याच्या मध्यभागी एक गोळी असते, सेंटरिंग बॉल. तिला ग्रीस द्यायची जागा अडचणीची, बारीक टोकाची ग्रीसगन लागते. गाळात, पाण्यात गाडी घालणाऱ्याने विसरलं की गोळी सुकते आणि पूर्ण जोड वाजायला लागतो. भाग आपल्याकडे सहज मिळत नाही. शेतीची गाडी आठवडाभर उभी राहिलेली परवडणार नसेल तर नको.

मालेगावकर
एक गोष्ट इथे सुटतेय. गाडी किती वेगाने पळवायची यावर सगळं आहे. शिवारात लोमध्ये (ट्रान्सफरच्या हळू गिअरला) फर्स्ट-सेकंडला कोन थोडा जास्त असला तरी चालतो. शाफ्टचे फेरे जितके जास्त तितका कोन कमी पाहिजे. स्पायसर या शाफ्ट बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात हे दिलेलं असतं: मिनिटाला १५०० फेऱ्यांना साडेअकरा अंशांपर्यंत, २००० ला पावणेनऊच्या आत, २५०० ला सात, ३००० ला सहाच्या आत.

तुमचा टायर साधारण २९ इंचांचा. डिफचा रेशो चार (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार) धरला तर ६० च्या वेगाला शाफ्ट मिनिटाला सतराशेच्या वर फेरे मारतो, ८० ला तेवीसशे. म्हणजे ६० पर्यंत चालवायची तर कोन १० च्या आसपास हवा. ८० ने पारोळा-एरंडोल रोडला पळवायची तर साडेसात.

आणि पाटे वर घेतले की जिप्सी साधारण पाच इंच उचलली जाते. शाफ्ट ७०० मिमी धरा, पाच इंच म्हणजे १२७ मिमी. शाफ्टचा उतार एकदम दहा अंशांनी वाढला. वरून लांब शॅकल वेगळे. आता बघा हिशोब कुठे जातो ते.

रावेरी_केळी
कोन मोजायचा कसा? माझ्याकडे मोबाईल आहे, बाकी काही नाही.

लेथवाला_धुळे
मोबाईल पुरेसा आहे. गाडी सपाट फरशीवर, चाकांवर उभी पाहिजे. जॅकवर उचललेली नको, पाटे लटकले की माप खोटं येतं. टाकी अर्धी, नेहमीचं सामान आत. गिअर न्यूट्रलला, चाकांना पुढे-मागे दगड लावा, मगच खाली शिरा.

तीन मापं घ्या. ट्रान्सफरच्या फ्लँजच्या सपाट तोंडावर पोलादी पट्टी उभी धरा, तिला मोबाईल टेकवा. तोंड उभं असतं, म्हणून उभ्या रेषेपासून जितका कलला तितका त्याचा कोन. मग शाफ्टच्या नळीवर, बॅलन्ससाठी जोडलेली वजनाची ठिगळं टाळून. मग डिफच्या फ्लँजवर. तिन्ही वेळा मोबाईल एकाच दिशेने धरा, नाहीतर अधिक-उण्याचा घोळ होतो. चिखल खरवडून काढा. बोटभर गाळावर टेकवलेल्या मापाला अर्थ नाही.

वकीलसाहेब_जळगाव
विषयांतर करतो, पण सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते ठाम सांगितलं आहे. क्रॉस किंवा शाफ्ट तसाच दुसरा टाकणं ही दुरुस्ती झाली. पाच-सात इंच उचललेली गाडी हा वेगळा विषय. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न तिथून सुरू होतो. उंची कमी करायची संधी असेल तर तिचा विचार करा.

खान्देशी_खापर
साहेब, खान्देशातल्या रस्त्यांवरचे खड्डे कुठल्या कलमात बसतात तेही सांगा :)

वकीलसाहेब_जळगाव
त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो.

थार_चोपडा
माझा प्रश्न थोडा वेगळा. माझी थार २०२० नंतरची. तिला दोन इंच लिफ्ट करायचं आहे. शाफ्टचा हाच त्रास होईल का?

अमळनेरकरीण
तुमच्या गाडीत पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट आहे, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलतं. तिथे चाकाकडे जाणाऱ्या हाफ-शाफ्टला क्रॉस नसतो, सीव्ही जॉईंट असतो. तो कोनातही एकसारखा फिरतो, त्यामुळे हिसक्याचा प्रश्न नाही. पण कोन वाढला की रबरी बूट ताणून फाटतो, ग्रीस उडून जातं, आत माती जाते आणि मग वळणावर टक-टक. लिफ्टनंतर बूटच्या घड्या दर काही दिवसांनी वाकून बघत जा. मागे सरळ ॲक्सल आहे, तिथे या धाग्यातलं बरंचसं लागू पडतं. पुढचं वेगळ्या धाग्यात बोलू, इथे गर्दी नको.

गिरणाकाठ
काल संध्याकाळी पुतण्याला घेऊन मापं घेतली. ट्रान्सफर मागे ३ अंश उतरतं. शाफ्टचा उतार १७. पिनियनचं नाक ९ अंश वर.

क्रॉसही काढून पाहिला. टोकावरची टोपी उघडली तर ग्रीस नव्हतंच, लाल भुकटी होती, सुया (बेअरिंगच्या बारीक दांड्या) अर्ध्या झिजलेल्या. क्रॉसच्या दांड्यावर सुयांच्या जाडीच्या बारीक खाचा, एकीशेजारी एक, नखाने चाचपल्या तर लागतात. आणि त्या फक्त दोन समोरासमोरच्या बाजूंना, वर-खाली दांडा गुळगुळीत.

मालेगावकर
१७ वजा ३, पुढचा कोन १४. १७ वजा ९, मागचा ८. ताईंचा अंदाज बरोबर निघाला. १४ अंशावर ६० च्या वेगाने तो क्रॉस जगणं शक्यच नव्हतं.

लेथवाला_धुळे
त्या खाचा ओझ्याच्या बाजूलाच पडतात. सुकलेल्या सुया जागच्या जागी आपटत राहतात. लाल भुकटी म्हणजे पाणी आत गेलं आणि नवं ग्रीस पोचलं नाही. ग्रीस देताना चारही टोप्यांच्या कडेतून जुनं बाहेर येईपर्यंत द्यायचं असतं. एका टोपीतून आलं नाही तर शाफ्ट फिरवून, दाबून परत द्यायचं. ती चौथी टोपी पहिली मरते.

आता तुमचा हिशोब. वेजने नाक ६ अंश खाली आणलं तर दोन्हीकडे १४-१४ होतील. थरथर बरीच जाईल, क्रॉस तरी मरतील, फक्त जोडीने. डबल कार्डन लावायचा तर नाक अजून वर करावं लागेल आणि पैसे किती लागतील ते तोरणमाळवाल्यांना विचारा.

बापू_पारोळा
शॅकल कितला लांब शेतस?

गिरणाकाठ
बापू, मूळच्यापेक्षा चार इंच लांब. मागचेच. पुढचे कंपनीचेच आहेत.

बापू_पारोळा
मग शाफ्टवर खर्च करू नका अजून. ते शॅकल काढा.

जिप्सीला मागच्या पाट्याचं पुढचं टोक चॅसिसला पक्कं असतं, शॅकल मागच्या टोकाला. शॅकल चार इंच लांब केलं की पाट्याचं मागचं टोक चार इंच खाली गेलं, पुढचं जागेवर राहिलं. मध्ये ॲक्सल, तो दोन इंच खाली. गाडी दोन इंच वर आली खरी, पण पाटाच तिरका झाला, आणि त्याच्यासोबत ॲक्सल फिरला. पाटा साधारण मीटरभर लांब धरा. मीटरला चार इंच म्हणजे जवळजवळ सहा अंश. नाक ९ का झालं ते कळलं? आधीच्या मालकाच्या वेल्डरने ॲक्सलवर पाट्याची बैठक सरळच लावलेली असणार. शॅकलने ती फिरवली.

अमळनेरकरीण
बापू, मनापासून नमस्कार. मी वेजमध्येच अडकले असते.

आकडे मांडून बघते. शॅकल मूळचे लावले की ॲक्सल दोन इंच वर येतो, ५० मिमी. शाफ्टचा उतार १७ वरून १३ च्या आसपास. पिनियन ९ वरून ३. ट्रान्सफर ३. म्हणजे पुढे १०, मागे १०. समांतरही झालं आणि मालेगावकरांच्या तक्त्यात ६० पर्यंत बसतंही. पाट्यांमुळे आलेली पाच इंच उंची तशीच राहते. गाडी मागून जरा खाली येईल, नांगराच्या बैलासारखी पुढे वाकलेली दिसायची ती सरळ दिसेल.

एक जोडते. पाटे वर असले की जोर लावताना ॲक्सल थोडा मुरडतो आणि नाक वर उचलतं. म्हणून उभ्या गाडीला नाक ३ ऐवजी २ असलं तरी चालेल, उलट चांगलंच.

खान्देशी_खापर
ट्रान्सफर एक इंच खाली उतरवला तर अजून दोन अंश वाचतील. ८० ने पळेल.

मालेगावकर
वाचतील. पण जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा असतो, मध्ये छोटा शाफ्ट आहे. ट्रान्सफर खाली घेतला की त्या छोट्या शाफ्टचा कोन वाढतो, आणि तो इंजिनकडून येणाऱ्या वेगाने फिरतो, तिथे फेरे जास्त. मागचा त्रास पुढे ढकलल्यासारखं होईल. पोटाखालची उंचीही जाते, जी शिवारात कामाची. ज्याची गाडी हायवेवरच जास्त, त्याने करावं. गिरणाकाठ यांना मी सांगणार नाही.

तोरणमाळचा_पाहुणा
सहमत. आणि वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: पुढच्या ॲक्सलला नाक उचलायला वेज टाकू नका. तिथे ॲक्सल फिरवला की कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल) कमी होतो, स्टिअरिंग सुटल्यासारखं होतं, हात सोडला की चाक सरळ येत नाही. सातपायरीच्या घाटात असं स्टिअरिंग नको.

गिरणाकाठ
शॅकल बदलायला मी तयार आहे, मूळचे शॅकल एका ओळखीच्या गॅरेजमध्ये पडलेले आहेत. पण स्प्लाईनला खेळ आहे, शाफ्ट तर लागणारच. मग मूळ प्रश्न उरतोच. कुठला?

लेथवाला_धुळे
आता प्रश्न सोपा झाला. जिप्सीचाच, कंपनीच्या मापाचा, वापरलेला पण चांगला. लष्कराच्या लिलावातल्या गाड्या फोडणारे आहेत, त्यांच्याकडे शाफ्ट मिळतात. पाटे वर घेतल्यामुळे फ्लँज ते फ्लँज अंतर मूळ गाडीपेक्षा थोडंच वाढलेलं असेल, माझ्या अंदाजाने १५ ते २० मिमी. तेवढ्यासाठी नळी कापायची गरज नाही. फ्लँजच्या मध्ये लोखंडी चकती, म्हणजे स्पेसर, बसवायचा. लेथवर काढायचा, दोन्ही तोंडांना सेंटरची कडा ठेवायची, एकीकडे खाच, एकीकडे उठाव. ती कडा नसलेला स्पेसर घेऊ नका, वर सांगितलेला सेंटरचाच घोळ होतो. बोल्ट तितके लांब, १०.९ या मजबुतीच्या दर्जाचे, गावठी नकोत.

वापरलेला शाफ्ट घेताना काय बघायचं ते सांगतो. नळीला ठेच नको, दगडाने बसलेली बोटभर ठेचही नको, ती नळी ओझ्याखाली तिथूनच पिळते. स्प्लाईन अर्धी बाहेर ओढून डावी-उजवी पिळा, खट आवाज आला तर ठेवून द्या. योकच्या कानातलं भोक बघा, क्रॉसची टोपी तिथे हाताने जात असेल तर ते कान गेले. टोपी ठोकूनच बसली पाहिजे. क्रॉस दोन्ही नवे टाका, जुन्या शाफ्टबरोबर आलेले चांगले वाटले तरी.

रावेरी_केळी
क्रॉस कुठल्या कंपनीचा घ्यायचा? दुकानदार दोनशेचा पण दाखवतो आणि हजाराचा पण.

मालेगावकर
दोनशेचा घेऊ नका एवढं नक्की. नाव असलेला कुठलाही घ्या. आपल्या जवळच नाशिकला अंबड एमआयडीसीत हिंदुस्थान हार्डीचा कारखाना आहे, ते प्रोपेलर शाफ्ट आणि क्रॉसच बनवतात. पण डबीवर गाडीचं नाव वाचून घेऊ नका, व्हर्निअर घेऊन जा. टोपीचा व्यास आणि समोरासमोरच्या टोप्यांच्या बाहेरून बाहेरपर्यंतची लांबी, ही दोन मापं जुळली पाहिजेत. सर्क्लिप (टोपी अडवणाऱ्या कड्या) बाहेरून बसतात की आतून तेही बघा. शेतीच्या गाडीला निपलवाला घ्या, सीलबंद नको. गाळ-पाण्यातून आलात की ग्रीस देता आलं पाहिजे.

शेवभाजी_प्रेमी
आणि बॅलन्सिंग?

लेथवाला_धुळे
नळी कापली-जोडली नसेल आणि कंपनीची वजनाची ठिगळं जागेवर असतील तर आधी लावून चालवून बघा. ६० पर्यंत बहुतेकदा लागत नाही. ज्यांना नळी लांब करायचीच आहे त्यांच्यासाठी: पाण्याचा जीआय पाईप वापरू नका. जस्ताच्या थरावर वेल्ड धरत नाही, भोकं पडतात, आणि पाईप आतून गोल नसतो. मशीनसाठीची सीमलेस नळी घ्या, लेथवर धरून डायल (डगमग मोजायचं घड्याळ) लावा, नळीचा डगमग अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणा, मगच पूर्ण वेल्ड. त्यानंतर बॅलन्स सक्तीचं.

गिरणाकाठ
मंडळी, काम झालं. आधी शॅकल बदलले, मग पुन्हा मापं घेतली: ट्रान्सफर ३, शाफ्ट १३, पिनियन साडेतीन. बापू, तुम्ही फरशीवर न येता सांगितलेलं अर्ध्या अंशावर आलं!

शाफ्ट धुळ्याला हायवेच्या बाजूला एका जुन्या पार्टवाल्याकडे मिळाला, जिप्सीचाच, दोन हजार आठशे. वर लिहिलंय तसं पिळून, ठेच बघून घेतला. पहिले दोन ठेवून दिले. दोन क्रॉस, १८ मिमीचा स्पेसर, लांब बोल्ट आणि मजुरी धरून साडेसहा हजारांच्या आत सगळं झालं. लेथवाल्याने स्पेसरची कडा व्हर्निअर लावून काढली, मी समोर उभा होतो.

चाळीसगाव-धुळे साठने आलो. आरसा स्थिर. रिव्हर्स टाकताना जो चट आवाज यायचा तो नाही. परवा पाऊस झाला, कपाशीच्या शेतातून लोमध्ये पूर्ण फेरी मारली, मग चारही टोप्यांना ग्रीस दिलं, चारही कडांतून आलं. गाडी मागून दोन इंच खाली आली ते शेतात कुठे अडलं नाही.

लेथवाला_धुळे
वा. आता एकच तपासा. गाडी चॅसिसला घोडी लावून मागून उचला, चाकं पूर्ण लटकू द्या. त्या अवस्थेत स्प्लाईनचा जितका व्यास, निदान तितकी लांबी आत राहिली पाहिजे. आणि चाक रॅम्पवर चढवून पाटा पूर्ण दाबा, तेव्हा स्प्लाईन तळाला टेकायला नको, इंचभर तरी जागा उरली पाहिजे. टेकली तर ट्रान्सफरचं बेअरिंग फुटतं.

गिरणाकाठ
लटकवून पाहिलं, पुरेशी आत आहे. रॅम्पचं उद्या बांधावर चढवून बघतो.

अमळनेरकरीण
फार बरं वाटलं वाचून. अठरा हजारांचा शाफ्ट त्याच १४ अंशांवर लावला असता तर तोही पुढच्या हंगामात भंगारात गेला असता.

रावेरी_केळी
माझ्याही गाडीला १८ चाच स्पेसर काढून घेऊ का? लिफ्ट तशीच आहे, शॅकल मात्र दोन इंच लांब.

लेथवाला_धुळे
नाही. आधी शॅकलचं ठरवा, मग मोजा. गाडी चाकांवर उभी करून ट्रान्सफरच्या फ्लँजपासून डिफच्या फ्लँजपर्यंत अंतर घ्या. शाफ्ट बाहेर काढून स्प्लाईन पूर्ण आत दाबा, लांबी घ्या. मग स्प्लाईन इंचभर बाहेर ओढा, परत लांबी घ्या. तिन्ही आकडे मिलिमीटरमध्ये इथे टाका, स्पेसर किती लागेल ते सांगतो. आणि फ्लँजचा फोटोही टाका, समोरून, चिखल धुऊन.